मामाचं ‘नको’

माझ्या मामाचं सलून आठवतंय ना तुम्हाला? मी एकदा नेलं होतं सगळ्यांना. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, आणि आपल्यातल्या याचं डोकं बघून मामा म्हणाला होता, “हे कुणी कापले? उंदराने?” हां, तोच मामा. आता हसून घ्या, कारण पुढचं हसण्यासारखं नाहीये.

मामा म्हणजे तोंड. कात्री बंद पडेल पण तोंड नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आरशातून त्याच्या डोळ्यांत बघत जे सुरू व्हायचं ते मानेवरचा फडका झटकेपर्यंत. कुणाच्या सासऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाचा मुलगा कितव्यांदा नापास, सगळं त्याला पाठ. लोक केस नसले तरी यायचे. खरंच! एक टकले काका होते, ते दर रविवारी नुसते “जरा कानामागचं बघ रे” म्हणून अर्धा तास बसायचे.

आणि अशा माणसाची नेमकी वाचाच गेली.

झटका आला, उजवी बाजू गेली, तोंडातून फक्त ‘बा, बा’ एवढंच निघायचं. पण कळायचं सगळं! पेपर वाचायचा, मॅच बघताना कॅच सुटला की डाव्या हाताने उशी हाणायचा. डाव्या हाताने लिहून बघितलं, तर कागदावर नुसत्या गांडुळांची शर्यत. मान हलवायला लावली तर अजून गोंधळ, हो म्हणायचं असेल तर मान आडवी जायची, नाही म्हणायचं असेल तर उभी. बोलायला शिकवायच्या एक बाई यायच्या ना घरी, त्यांनी मामीला बजावून सांगितलं, “त्यांच्या मानेवर जाऊ नका. अशा आजारात हो-नाहीची मान उलटसुलट होते. आणि उगाच रडू येतं, उगाच हसू येतं, त्याचाही अर्थ लावत बसू नका.”

हे लक्षात ठेवा. आम्ही पण ठेवलं. फारच ठेवलं.

मग आमचा दादा पेटला. माझा सख्खा दादा हो, तो ऑफिसात हेच करतो, ॲपमध्ये कुठलं बटण कुठे असावं, केवढं असावं, म्हातारी माणसं चुकून काय दाबतात. मामा त्याला कायम ‘इंजिनसाहेब’ म्हणायचा. “इंजिनसाहेब, एवढं शिकलात, माझ्या दुकानाचं शटर नीट करून दाखवा.” तर या इंजिनसाहेबाने मामासाठी एक ॲप केलं. टॅब मांडीवर ठेवायचा, त्यावर मोठी मोठी बटणं, बटण दाबलं की शब्द मोठ्याने ऐकू येणार. हो, नको, पाणी, चहा, दुखतंय, बाथरूम, टीव्ही, झोप. आवाज आमच्या बाबांचा, कारण घरात खर्जातला आवाज तेवढाच. मामी म्हणाली, “म्हणजे आता माझा नवरा बोलणार तो नणंदेच्या नवऱ्याच्या आवाजात? बरंय, निदान हे जरा हळू बोलतात.”

आणि दादाने काय मनापासून केलं होतं माहितीये? ‘नको’ त्याने मुद्दाम खालच्या डाव्या कोपऱ्यात ठेवलं, अंगठ्याच्या अगदी खाली. मी विचारलं, हे का पहिलं? तर म्हणाला, “आजारी माणसाला सगळे नुसते भरवत असतात, उठवत असतात, बसवत असतात. त्याला आधी नाही म्हणता आलं पाहिजे.” मला तेव्हा एवढा अभिमान वाटला होता त्याचा! 

पहिले काही दिवस तर घरात जत्राच. मामाच्या तोंडी कायम असायचं ते दादाने एक जादा बटण करून दिलं, ‘चल हट’. मामी म्हणायची औषध घ्या, हा दाबणार, चल हट. बाबा स्वतःच्याच आवाजात स्वतःला चल हट ऐकून घ्यायचे आणि वर म्हणायचे, “बघ, आवाज कसा स्पष्ट आलाय.” आई हसून हसून सोफ्यावर आडवी.

त्यात दादाने अजून एक करामत घातली होती, आणि सगळ्यात जास्त कौतुक तिचंच झालं. ॲप शिकायचं. जे बटण जास्त वापरलं जाईल ते रात्रीतून आपोआप अंगठ्याजवळ सरकायचं, कमी लागणारं लांब जायचं. का, तर मामाचा हात लवकर दमतो, त्याला फार लांब न्यायला लागू नये. त्या बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “वा, हे तर कुणालाच सुचलं नव्हतं.” दादा नुसता तरंगत होता. मामाने काय दाबलं असेल? चल हट.

आणि मग हळूहळू मामा चुकायला लागला.

मामी विचारायची चहा टाकू का, हा दाबायचा, बाथरूम. ती बिचारी धरून धरून न्यायची, तर हा तिथे बसून लालबुंद. टीव्ही लावू? दुखतंय. कुठे दुखतंय? झोप. मामी फोनवर रडायला लागली, “अगं, यांना काही समजेनासं झालंय. कालपर्यंत बरे होते.” डॉक्टर म्हणाले, होतं असं, कधीकधी लहानसा झटका परत येऊन जातो, कळतही नाही. दादा धावत गेला. शेजारी बसला, बोट धरलं, “मामा, इथे बघ हां, स्क्रीनवर. पाणी कुठाय?” बरोबर दाबलं. “चहा?” बरोबर. दहाच्या दहा बरोबर! दादा म्हणाला, “मामी, काही झालेलं नाही त्याला. सवय होतेय अजून. वेळ दे.” दादाची पाठ वळली की परत चहाला बाथरूम. मामी म्हणायची, “तुझ्यासमोर शहाण्यासारखे वागतात, शाळेतल्या मुलासारखे.”

आता सलूनचं ऐका. जागा भाड्याची होती. जागेचा मालक भला माणूस, त्याने बरेच दिवस कळ काढली, पण शेवटी आला आणि म्हणाला, वहिनी, एक तर उघडा, नाहीतर सोडा, दुसरा माणूस थांबलाय. मामी म्हणाली, यांना आता हे झेपायचं नाही, शटरच्या चिंतेनेच खंगतायत ते. बाबा म्हणाले, कुणाला तरी चालवायला देऊ. आई म्हणाली, त्याच्या खुर्चीमागे दुसरा माणूस उभा राहिलेला त्याला बघवेल का? एवढे सगळे बोलले, आणि मग दादा म्हणाला, “आपण कोण ठरवणारे? दुकान त्याचं. तोच सांगेल. त्यासाठीच तर हे केलंय ना.” सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं हो!

आम्ही सगळे मामाच्या खोलीत गेलो. तो खिडकीपाशी खुर्चीत होता. एवढी माणसं एकदम आत आलेली बघून तो बावरला, माझ्याकडे बघून एक भुवई उडवली, म्हणजे काय ही मिरवणूक. मामी समोर स्टुलावर बसली, टॅब त्याच्या मांडीवर नीट ठेवला, आणि शांतपणे सगळं सांगितलं. मालक आला होता, असं म्हणतोय, घाई नाही, तुम्ही म्हणाल तसं. मग म्हणाली, “अहो, सांगा. दुकान सोडून द्यायचं का?”

मामा तिच्या तोंडाकडे बघत होता. डोळ्यांत डोळे घालून. अंगठा खाली गेला.

“हो,” बाबांच्या आवाजात.

 मामाचं तोंड कसं झालं सांगू, म्हणजे पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं. त्याने परत दाबलं. हो. अजून जोरात दाबलं. हो. हो. मान हलायला लागली, आडवी, उभी, आडवी. डोळ्यांतून पाणी. मामीने त्याचा हात धरला, “कळलं हो, कळलं मला. एवढा त्रास करून घेऊ नका.” त्याने हात हिसकला आणि स्क्रीनवर इकडे तिकडे बोटं आपटायला लागला, आणि टॅबमधून आवाजच येईना. कारण हात थरथरून एकच बटण फार वेळा दाबलं गेलं तर ॲप थोडा वेळ काही ऐकायचंच नाही, अशी सोय होती. ती पण दादाचीच. प्रेमाने केलेली.

दादा म्हणाला, “सांगितलं त्याने. किती कठीण गेलं असेल त्याला.” बाबा चष्मा पुसत होते. तेवढ्यात मामाने टॅब उचलून फरशीवर टाकला.

आम्हाला वाटलं, दुःख झालंय. झालंच होतं की! फक्त कशाचं, ते आमच्यापैकी एकालाही कळलं नाही.

काच फुटली म्हणून टॅब दुरुस्तीला गेला. तो परत येईपर्यंत किल्ल्या देऊन झाल्या होत्या. खुर्च्या एका टेंपोतून दुसऱ्या कुठल्यातरी सलूनमध्ये गेल्या, आरसा भिंतीतून अख्खा निघेना म्हणून तिथेच राहिला. घरी एक खोका आला, कात्र्या, कंगवे, फवारा, पावडरचा ब्रश, वस्तरा. मामा त्या सगळ्या दिवसांत बा बा करायचा, मान हलवायचा, आणि आम्ही सगळे त्याच्या पाठीवरून हात फिरवायचो. “होईल सवय, मामा.” आईशप्पथ, आम्ही त्याची समजूत काढत होतो! टॅब परत आला तो त्याने हातात घेतलाच नाही. मामीने मांडीवर ठेवला की पालथा करायचा. ती म्हणाली, बोलायचंच नाही म्हणतात आता, राहू दे.

घर शांत झालं. तुम्हाला सांगते, त्या माणसाच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला.

असं बरेच महिने गेले. मामा काठी धरून थोडा चालायला लागला, डावा हात चांगला वळायला लागला. त्याने तो खोका उघडून सगळं सामान मामीच्या ड्रेसिंग टेबलवर मांडलं होतं, दुकानात असायचं तसंच ओळीने. एका रविवारी आम्ही गेलो, तर दादाचे केस कानावर आलेले. मामाने काठीनेच स्टूल ओढलं आणि खूण केली, बस. दादाला केवढा आनंद! “मामा, डाव्या हाताने? माझं लग्न व्हायचंय अजून.” मी म्हटलं, “काप रे मामा, तसंही कोण बघणारे याला.” मामा हसला. कितीतरी दिवसांनी खरा हसला.

आरशात दादाच्या तोंडाकडे बघत त्याने हात टेबलाकडे नेला, न बघता फवारा उचलला, पाणी मारलं, न बघता ठेवला. न बघता कंगवा घ्यायला गेला, आणि हातात आला पावडरचा ब्रश. मामीने सकाळी टेबल पुसलं होतं आणि सगळं स्वच्छ, उंचीप्रमाणे लावून ठेवलं होतं. मामाने ब्रश डोक्यावर टेकवला, दादा पांढरा झाला, मी खो खो हसायला लागले. मामाने ब्रश ठेवला आणि परत तिथेच हात घातला, जोरात. परत ब्रश. परत ठेवला. परत तिथेच. आणि सगळा वेळ डोळे आरशात, दादाच्या डोळ्यांत. खाली एकदाही नाही.

दादाचं हसू आधी थांबलं. माझं मागून.

“मामा,” तो म्हणाला, “तू हाताकडे बघत नाहीस.”

मामी दारातून म्हणाली, “ते कशाला बघतील? आपण हाताकडे बघत बसलो तर गिऱ्हाईक घाबरतं, असं म्हणायचे ते. वस्तू जागच्या जागी असली की बघायला कशाला लागतं? माझंच चुकलं, मी हलवलं सगळं.”

“मामी, तू नाही,” दादा म्हणाला. “मी हलवलं.”

तिला काही कळलं नाही. मला पण नाही लगेच. पण दादा त्या पांढऱ्या डोक्याने, गळ्यात फडका तसाच, कपाटाकडे गेला, टॅब काढला, चार्जरला लावला आणि जमिनीवर बसून राहिला तो सुरू होईपर्यंत. तोंडातल्या तोंडात बोलत होता, “शेजारी बसून मीच म्हणायचो, इथे बघ, स्क्रीनवर बघ. म्हणून माझ्यासमोर बरोबर यायचं. एरवी तो माणसाकडे बघून बोलतो गं. आयुष्यभर तसंच बोललाय.” स्क्रीन लागला. खालच्या डाव्या कोपऱ्यात, अंगठ्याखाली, ‘हो’ होतं. मामी दिवसभर विचारायची ना, पंखा लावू का, उशी देऊ का, आणि तो भला माणूस हो, हो, हो करत राहायचा. ते ‘हो’ साठत साठत एका रात्री ‘नको’च्या जागेवर येऊन बसलं होतं. आणि ‘नको’ गेलं होतं वर, पार कोपऱ्यात.

दादाने बटणांचं सरकणं बंद केलं. मामाला स्टुलावर बसवून टॅब त्याच्या मांडीवर ठेवला. मामा पालथा करायला लागला, तर दादाने त्याचा हात धरला नाही, नुसता म्हणाला, “मामा, एकदाच. माझ्याकडे बघू नकोस, खाली बघ. त्या दिवशीचाच प्रश्न आहे. दुकान सोडून द्यायचं?”

मामाने मान खाली घातली. सुईत दोरा ओवताना बघतात तसं बारीक डोळे करून बघितलं. बोट सगळ्या स्क्रीनवरून सावकाश वर गेलं.

“नको.”

मामी दाराची चौकट धरूनच खाली बसली. म्हणाली, “मला त्यांच्या तोंडावर दिसलं होतं रे. त्या दिवशीच दिसलं होतं. त्यांना काय हवं-नको ते मी इतकी वर्षं चेहऱ्यावरून ओळखत आले, आणि नेमकं त्या दिवशी म्हटलं, जाऊ दे, यंत्र सांगतंय ना.”  दादा मामाच्या पायाशी तसाच बसलेला, पावडरवरून डोळ्यांतलं पाणी ओघळून गालावर पांढरे ओघळ. कुणाला हसूही आलं नाही.

दादा दुसऱ्याच दिवशी तिथे गेला. आता बुटांचं दुकान आहे. मामाच्या आरशात लोक पावलं बघतात. त्या दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं, दादाला बसवलं, चहा मागवला, आणि म्हणाला, “साहेब, माझं पण पोट यावरच आहे. तुम्हीच सांगा, मी काय करू?” दादा तिथून उठून मालकाकडे गेला, शेजारच्या गल्लीत जागा बघितली, अजून दोन ठिकाणी. शेवटी मामानेच थांबवलं. गिऱ्हाइकं पांगली होती, टकले काका पण मुलाकडे राहायला गेले होते, आणि एका हाताने केस कापत दिवसभर उभं राहणं, ते तेव्हा, सवय मोडायच्या आत सुरू केलं असतं तर कदाचित. कदाचित हं. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात, झालं असतं. आई म्हणते, नसतं झालं. मला वाटतं, निदान ठरवलं तरी त्याने असतं.

ॲप आता चांगलं झालंय. बटणं हलत नाहीत, प्रत्येकावर रबराचा वेगळा ठिपका चिकटवलाय, बोटाला कळतं. मामा परत माणसांकडे बघून बोलतो, कधीकधी भराभर. ‘चल हट’ पण परत आलंय. तुम्ही म्हणाल, मग झालं की नीट! मला पण तसंच वाटत होतं. गेल्या रविवारपर्यंत.

गेल्या रविवारी जेवताना मामी म्हणाली, उद्या हाताच्या व्यायामाला जायचंय, जायचं ना? साधा प्रश्न. मामाने तिच्याकडे बघत दाबलं, हो. आणि काय झालं सांगू? मामी वाकली, दादा खुर्चीतून अर्धा उठला, मी पण मान लांब केली. तिघंही त्याचा अंगठा नक्की कुठे आहे ते बघायला. होता, ‘हो’वरच होता. तरी मामी म्हणाली, “नक्की ना? हो म्हणजे हो ना?”

हे कधीचंच रोजचं झालं होतं, माझ्या लक्षात तेव्हा आलं. भात वाढू? हो. नक्की? टीव्ही लावू? नको. नक्की ना, मामा? दादा तर एकेक गोष्ट दोनदा विचारतो, उलटीसुलटी करून विचारतो. चुकायची भीती त्याच्या अंगात एवढी बसलीय की मामाने साधं पाणी मागितलं तरी ग्लास हातात घेऊन ‘पाणीच ना?’ विचारत उभा राहतो.

तर त्या रविवारी मामाने आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघितलं. आधी मामीकडे, मग दादाकडे, मग माझ्याकडे. चिडला नाही. चल हट पण नाही. त्याने टॅबवरचा हात उचलला, मांडीवर ठेवला, आणि भिंतीकडे बघत बसला.

“अहो, नुसतं विचारलं हो,” मामी म्हणाली.

त्याने काहीच दाबलं नाही.